एकही पगारी माणूस नाही, तरी तीस वर्षं टिकलेली संस्था: छोट्या धंद्यासाठी सहा धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी जे आकडे फळ्यावर पूर्ण मांडता आले नाहीत, ते इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा. मध्ये एक हिशोब आहे आणि शेवटी गृहपाठ आहे.

यावल, फैजपूर, किनगाव, साकळी या भागातून आपल्या वर्गाला येणारी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न सुरुवातीचा. "सर, भांडवल नाही, माणसं ठेवायला पैसा नाही, मग उभं कसं राहायचं?" दुसरा प्रश्न धंदा थोडा मार्गी लागला की येतो. "सर, आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला पाड्यांवरची पोरं मध्येच शाळा सोडतात. त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय. ट्रस्ट काढू का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. परदेशात नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या लोकांनी सुट्टीच्या वेळात चालवलेल्या आणि इथल्या गरीब मुलांच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या संस्था आहेत ना, त्यांचा कारभार बघा. भांडवल नाही, ऑफिस नाही, पगारी माणूस नाही, आणि ज्याच्यासाठी काम करायचं तो हजारो किलोमीटर लांब. तरी काम टिकलं. कसं टिकलं, ते आज शिकायचंय.

आधी ओळख

१९९१ साली अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संदीप पांडे आणि त्यांच्या मित्रांनी 'आशा फॉर एज्युकेशन' ही संस्था सुरू केली. काम एकच, भारतातल्या वंचित मुलांचं शिक्षण. पुढे संदीप पांडे भारतात परतले आणि २००२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आपल्याला त्यांच्या पुरस्कारापेक्षा त्यांच्या संस्थेची घडण जास्त उपयोगाची आहे. गावोगावी शाखा, शाखेत स्वयंसेवक, आणि पगारी नोकर ठेवायचा नाही हे पहिल्यापासूनचं धोरण. कोणी मॅरेथॉन पळून वर्गणी जमवतो, तर कोणी आपल्या कामाच्या एका तासाचा पगार देतो.

त्याच वर्षी, म्हणजे १९९१ मध्येच, मेरिलँड विद्यापीठात शिकणाऱ्या रवी कुचिमंची यांनी 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' सुरू केली. तिला थोडक्यात 'एड' म्हणतात. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण 'स्वदेस' सिनेमा पाहिला असेल. पाण्यावर वीज तयार करून गाव उजळवण्याच्या त्या गोष्टीमागची खरी प्रेरणा आपल्या खानदेशातली आहे. नंदुरबार जिल्ह्यातलं, धडगाव तालुक्यातलं बिलगाव. तिथे २००३ साली सुमारे १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. पैसा 'एड'च्या स्वयंसेवकांनी जमवला, तंत्र केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'च्या मंडळींचं होतं, आणि श्रमदान गावकऱ्यांचं.

याच नर्मदाकाठच्या गावांत १९९० नंतरच्या काळात 'जीवनशाळा' उभ्या राहिल्या. जिथे सरकारी शाळा फक्त कागदावर होती, तिथे मुलांच्या पावरी-भिलोरी बोलीतून शिकवायला सुरुवात झाली. त्या शाळांच्या खर्चाला 'आशा' आणि 'एड' या दोन्ही संस्थांच्या स्वयंसेवकांचा हातभार लागला.

आणि मराठी माणसाचंच उदाहरण हवं असेल, तर अमेरिकेतल्या मराठी लोकांनी १९७८ साली स्थापन केलेलं 'महाराष्ट्र फाउंडेशन' आहे. ते इथल्या सामाजिक संस्थांना मदत करतं. साहित्य आणि समाजकार्यासाठीचे त्यांचे पुरस्कार वाचणाऱ्यांना माहीत आहेतच.

आता धडे.

धडा १: आधी बघा, ही गरज कोणी भागवतंय का?

धंद्यात आपण काय म्हणतो? ज्या चौकात आधीच चार किराणा दुकानं आहेत, तिथे पाचवं काढण्याआधी दहा वेळा विचार करा. शिक्षणाच्या मदतीतही तेच. उत्साही मंडळी सगळ्यात आधी काय वाटतात? वह्या आणि दप्तरं. पंधरा ऑगस्टला वाटतात, फोटो काढतात, मोकळे होतात.

पण जरा हिशोब करा. सरकारी शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. दुपारचं जेवण मिळतं. आपल्या यावललाच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. त्यांच्यामार्फत आश्रमशाळा आणि वसतिगृहं चालतात. मुलींना शाळेत जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. म्हणजे या सगळ्यावर तुम्ही पैसा घातला, तर भरलेल्या हंड्यात पाणी ओतल्यासारखं होईल.

मग रिकामं काय आहे? पास आहे, पण पाड्यापर्यंत एसटी येत नाही. मग मुलगी रोज डांबरी रस्त्यापर्यंत चालत येणार कशी? शिष्यवृत्ती आहे, पण जातीचा दाखला नाही, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, बँकेचं खातं बंद पडलंय. फॉर्म ऑनलाइन भरायचा, पण पाड्यावर नेटवर्क नाही. आश्रमशाळा आहे, पण दहावीच्या गणिताला संध्याकाळी विचारायला कोणी नाही. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला निघाले की घरात मागे कोण थांबणार? कोणीच थांबलं नाही, की पोरगंही सोबत जातं, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा वर्ष गेलेलं असतं.

ही आहे खरी रिकामी जागा. यातल्या बऱ्याच गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागतो तो जबाबदार माणूस आणि त्याचा नेमाने दिलेला वेळ.

तुमच्या धंद्यासाठी सूत्र: गिऱ्हाइकाला आधीच मिळणारी वस्तू पुन्हा विकू नका. त्याचं काम नेमकं कुठे अडतं, ती जागा शोधा.

धडा २: सगळं स्वतः करायला जाऊ नका

'आशा'च्या शाखा अमेरिकेत बसून इथे शाळा चालवत नाहीत. ते उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं झालं असतं. इथे जी स्थानिक संस्था आधीच काम करते, जिला मुलांची नावं माहीत आहेत, बोली माहीत आहे, तिला ते पाठबळ देतात. पैसा, तपासणी, हिशोब आणि लागेल ते तांत्रिक ज्ञान त्यांच्याकडून येतं. रोजची शाळा स्थानिक लोक चालवतात.

बिलगावातही हेच झालं. पैशाचा, तंत्राचा आणि घामाचा वाटा वेगवेगळ्या लोकांनी उचलला. कोणी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसलं नाही. आणि गावकऱ्यांनी स्वतः श्रमदान केल्यामुळे "ते त्यांचं आहे" असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

आपल्याकडे मात्र पहिली इच्छा काय असते? पाटी. स्वतःच्या नावाचा ट्रस्ट, स्वतःचं लेटरहेड, अध्यक्ष-उपाध्यक्ष-सचिव. सहा महिन्यांत पदांवरून भांडण आणि वर्षात कुलूप. भाऊ, पाटी नंतर लावा. आधी एक वर्ष एखाद्या चालू संस्थेला, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीला विचारून एक छोटं काम उचला. जमतंय का ते बघा.

धंद्यातही हाच नियम. केळीचे वेफर्स करायचे म्हणून पहिल्याच दिवशी कर्ज काढून मशीन घेऊ नका. ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडून माल तळून घ्या, तुम्ही पॅकिंग आणि विक्री सांभाळा. बाजार कळला की मशीन.

धडा ३: एका कामाला एकच धनी

या संस्थांमधली मला सगळ्यात आवडलेली पद्धत ही. प्रत्येक प्रकल्पाला एक स्वयंसेवक नेमलेला असतो. इथल्या संस्थेशी बोलणं, अहवाल मागवणं, हिशोब बघणं, शाखेच्या बैठकीत माहिती देणं ही सगळी जबाबदारी त्याची. तो भारतात सुट्टीवर आला की स्वतःच्या खर्चाने शाळेवर जातो, मुलांशी-शिक्षकांशी बोलतो आणि जे दिसलं ते लिहून काढतो. ते लिहिलेलं इतरांना वाचायला मिळतं.

दहा जणांची समिती असली की काम दहाव्या हिश्शाने होत नाही, होतच नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. बारभाईचा कारभार तो हाच. एक नाव ठरलं की विचारायला जागा राहते.

पण या पद्धतीत एक दुखणं आहे. स्वयंसेवक कायमचा नसतो. शिक्षण संपतं, नोकरी बदलते, लग्न होतं, बाळ येतं. तो गेला की त्याच्या डोक्यातली सगळी माहिती त्याच्यासोबत जाते. त्यावर उपाय एकच, लिहून ठेवणं. कोणत्या शाळेला कधी किती पैसे गेले, कोणाशी काय बोलणं झालं, कोणतं आश्वासन दिलं, हे सगळं एका फाइलमध्ये. नवा माणूस आला की आधी फाइल वाचतो, मग फोन करतो.

तुमच्या दुकानातल्या कामगाराने उद्या काम सोडलं, तर कोणत्या गिऱ्हाइकाची किती उधारी हे तुम्हाला सांगता येईल का? येत नसेल, तर आजपासून वही घाला.

धडा ४: 'फुकट' नावाची वस्तू बाजारात नसते

"आमची संस्था शून्य खर्चात चालते" असं कोणी म्हटलं की विचारायचं, मग खर्च नेमका कोणाच्या खिशातून गेला? स्वयंसेवक पगार घेत नाही, पण त्याची संध्याकाळ जाते, त्याचं विमानाचं तिकीट तो स्वतः काढतो. म्हणजे खर्च झालाच, फक्त तो वहीत दिसला नाही.

इथे सगळ्यात मोठा धोका आहे तो पाड्यावर शिकवणाऱ्या शिक्षकाचा. अमेरिकेतला इंजिनिअर फुकट काम करतो, कारण त्याचं पोट दुसऱ्या नोकरीवर भरतं. पाड्यावरच्या बारावी झालेल्या मुलीने रोज संध्याकाळी दोन तास शिकवायचं आणि तिलाही आपण म्हणायचं, "ताई, समाजसेवा आहे"? ती दोन महिने शिकवेल. तिसऱ्या महिन्यात केळीच्या बागेत मजुरीला जाईल, आणि तिचं काहीही चुकणार नाही. वर्ग मात्र बंद पडेल.

म्हणून नियम लक्षात ठेवा. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने फुकट करावं. ज्याचं पोट या कामावर आहे त्याला मानधन मिळालंच पाहिजे, आणि तेही ठरल्या तारखेला.

आता हाच आरसा स्वतःकडे वळवा. वर्गात येणारे बरेच जण वस्तूची किंमत काढताना कच्चा माल धरतात, पॅकिंग धरतात, पेट्रोल धरतात. स्वतःची मजुरी? नाही धरत. बायकोने चार तास भाजणी भाजली, तिची मजुरी? "घरचंच आहे ना सर." मग नफा दिसतो तो नफा नसतोच, तो तिचा न दिलेला पगार असतो. तिची तब्येत बिघडली आणि बाहेरचं माणूस लावलं, की त्याच दिवशी धंदा तोट्यात.

धडा ५: वचनाची मुदत मोजा

मित्रांनो, आजच्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हा आहे. इथे वही उघडा.

समजा, एका पाड्यावर वीस मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू करायचाय. मुलं पाचवीतली. साधा हिशोब असा:

- शिकवणाऱ्या ताईंचं मानधन, महिना ६,००० रुपये: वर्षाला ७२,००० रुपये
- वह्या, सरावाची पुस्तकं, शैक्षणिक साहित्य, मुलामागे ५०० रुपये: १०,००० रुपये
- सोलर दिवे, दुरुस्ती, चटया, किरकोळ: ८,००० रुपये
- एकूण: वर्षाला ९०,००० रुपये

म्हणजे एका मुलामागे वर्षाला ४,५०० रुपये, महिन्याला ३७५ रुपये. तुम्ही म्हणाल, "एवढंच? महिना ३०० रुपये देणारे पंचवीस मित्र जमवले की झालं." बरोबर आहे. २५ गुणिले ३०० गुणिले १२ म्हणजे ९०,००० रुपये. आणि इथेच बहुतेक जण नारळ फोडून मोकळे होतात.

थांबा. तुम्ही त्या मुलांना वचन किती वर्षांचं दिलंय? पाचवीतल्या मुलाला दहावीपर्यंत न्यायचं तर सहा वर्षं. म्हणजे वचन ९०,००० रुपयांचं नाही, ५ लाख ४० हजारांचं आहे. दरवर्षी खर्च सहा टक्क्यांनी वाढला तर ते जातं ६ लाख २८ हजारांच्या घरात. आणि पुढच्या वर्षी उत्साहाने पाचवीची नवी वीस मुलं घेतली, तिसऱ्या वर्षी अजून वीस, तर तिसऱ्या वर्षी साठ मुलं, आणि साठ मुलांचं वचन.

आता दुसरी बाजू. पंचवीसपैकी पाच मित्र वर्षभरात गळाले. गळतातच, घरोघरी अडचणी असतात. उरले वीस. २० गुणिले ३०० गुणिले १२ म्हणजे ७२,००० रुपये. यात फक्त ताईंचं मानधन निघतं. पुस्तकं आणि दिवे गेले. आणखी चार गळाले तर मानधनही अपुरं.

दुकान बंद पडलं तर नुकसान दुकानदाराचं होतं. तो दुसरं काही बघतो. सातवीत वर्ग बंद पडला तर? ज्या आई-बापाने "पोरगी शिकतेय, यंदा ऊसतोडीला नेत नाही, आजीजवळ ठेवतो" असं ठरवलं होतं, ते तिला पुढच्या दिवाळीला सोबत नेतात. आणि त्यानंतर दुसरा कोणी "आम्ही मदत करतो" म्हणत पाड्यावर गेला, तर त्याला दारातूनच परत पाठवतात. आपल्या अर्धवट कामाची किंमत पोरीनेही भरली आणि पुढच्या चांगल्या माणसानेही.

म्हणून तीन नियम लिहून घ्या.

पहिला, सुरू करण्याआधी सहा महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवा. आपल्या उदाहरणात ४५,००० रुपये. ते जमेपर्यंत वर्ग सुरू करायचा नाही, कितीही मन झालं तरी.

दुसरा, एकाच देणगीदारावर भार टाकू नका. पुण्याचे कोणी साहेब म्हणाले, "मी एकटाच ५०,००० देतो," तर आनंद माना, पण त्या भरवशावर वर्ग वाढवू नका. एकाच व्यापाऱ्याच्या भरवशावर केळीचा बाग सोडला की काय होतं, हे यावल-रावेरच्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही.

तिसरा, वचन छोटं द्या, पण पूर्ण द्या. सहा वर्षं झेपत नसतील तर स्पष्ट सांगा, "आम्ही फक्त दहावीच्या वर्षाला गणित-इंग्रजीची मदत करू." एक वर्षाचं वचन, एका वर्षात पूर्ण. यात कमीपणा काही नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपल्या आजीने सांगितलंय, फक्त तेव्हा ती अंथरुणाची लांबी वर्षांतही मोजते हे आपल्या लक्षात आलं नव्हतं.

धंद्यातली उधारी, गॅरंटी, वर्षभराचा जेवणाचा डबा, क्लासची आगाऊ फी ही सगळी वचनंच आहेत. पैसे आज येतात, काम पुढे करायचं असतं. आलेला पैसा नफा समजून खर्च केला की अर्ध्या वर्षात दमछाक होते.

धडा ६: वाटलेलं मोजू नका, टिकलेलं मोजा

"आम्ही २०० दप्तरं वाटली." ठीक आहे. पण जूनमध्ये वर्गात असलेल्या वीस मुलांपैकी फेब्रुवारीत किती होती? हा आकडा खरा. आपल्या भागात ऑगस्टची हजेरी बघून खुश व्हायचं नाही. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, म्हणून हजेरी ऑक्टोबर ते मार्च बघायची. जे मूल गळालं त्याच्या घरी महिन्याच्या आत जाऊन कारण विचारायचं आणि वहीत लिहायचं. वर्षाअखेर ती कारणंच तुम्हाला पुढच्या वर्षीचं काम सांगतात.

बिलगावचा शेवटही या ठिकाणी सांगायला हवा. २००६ मध्ये तो वीज प्रकल्प सरदार सरोवराच्या पाण्यात बुडाला. यंत्र आणि भिंत मोजली तर सगळं गेलं असं म्हणावं लागेल. पण गावातल्या ज्या पोरांनी हाताने काम करून ते तंत्र शिकून घेतलं, त्यांचं शिकणं पाण्यात जात नाही. शिक्षणावर घातलेला पैसा असा असतो. म्हणून इमारतीवर कमी आणि माणसावर जास्त खर्च करा.

आणखी एक. मुलांचे फोटो. हातात वही, शेजारी देणगीदार, मूल खाली बघतंय. असे फोटो टाकू नका. ते मूल उद्या मोठं होणार आहे, मोबाइल वापरणार आहे. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर हजेरीचा आकडा द्या, खर्चाची पावती द्या. आपलं काम खरं असेल तर कागद पुरतो.

आता कायद्याचं: बाहेरून पैसा घेण्याआधी

हा भाग नीट वाचा, कारण चांगल्या मनाची माणसं इथे अडकतात.

लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी लागते. आपल्यासाठी ते काम जळगावच्या धर्मादाय कार्यालयात होतं. नोंदणी नसेल तर निदान परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात ना, तीच. देणगीदाराला आयकरात सवलत द्यायची, जिला आपण '८० जी' म्हणतो, तर त्याची वेगळी मान्यता काढावी लागते. आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर देणगीदाराला ती सवलत मिळत नाही. म्हणून पैसा बँकेतूनच घ्या.

परदेशातून पैसा आला की २०१० चा परकीय अंशदान नियमन कायदा लागू होतो. लोक त्याला 'एफसीआरए' म्हणतात. इथे एक फरक डोक्यात पक्का करा. तुमचा मावसभाऊ दुबईत नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीय आहे, आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी पाठवली, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. पण चुलतभाऊ न्यू जर्सीत आहे आणि त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, तर त्याची देणगी परकीय. आडनाव तुमचंच असलं तरी. तो सुट्टीत गावी आला आणि रुपयांत दिली तरीही. म्हणून देणाऱ्याचं नातं विचारू नका, पासपोर्ट विचारा आणि त्याची प्रत फाइलला लावा.

या कायद्याखाली कायमची नोंदणी सहज मिळत नाही. संस्था निदान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत प्रत्यक्ष कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. नोंदणी मिळाली तरी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. नियम बदलत राहतात. पैसा घेण्याआधी सीएला दाखवा, घेतल्यानंतर नाही.

आता धडा २ पुन्हा वाचा, म्हणजे लक्षात येईल. नवख्या माणसाने चालू, नोंदणीकृत संस्थेशी जोडून घेणं शहाणपणाचं का, ते.

गृहपाठ

१. तुमच्या गावाच्या सगळ्यात जवळच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत जा. मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा: "मागच्या वर्षी किती मुलं मध्येच गेली, आणि का?" कारणं लिहून आणा. वह्या घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा.

२. तुमच्या धंद्यातली सगळी वचनं एका पानावर लिहा. ज्यांच्याकडून पैसे घेतलेत आणि काम बाकी आहे, त्यांची. प्रत्येकापुढे मुदत आणि लागणारा खर्च लिहा. खाली बेरीज करा. तेवढी रक्कम आज तुमच्याकडे आहे का?

३. तुमच्या एका वस्तूची किंमत पुन्हा काढा. या वेळी स्वतःची आणि घरच्यांची मजुरी धरून.

आपल्या तालुक्यात, फैजपूरला, १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. त्या काळी आजच्यासारखे रस्ते नव्हते, सोयी नव्हत्या. खेड्यात एवढं मोठं काम उभं राहू शकतं, हे या मातीने देशाला दाखवलंय. पाड्यावरच्या वीस पोरांचा संध्याकाळचा वर्ग त्या मानाने फारच छोटा. पण सुरू केलात, तर त्यातलं शेवटचं मूल दहावीच्या परीक्षेला बसेपर्यंत दिवा चालू ठेवायची तयारी ठेवा.

पुढच्या व्हिडिओत बघू: उधारीची वही कशी ठेवायची, आणि ओळखीच्या माणसाकडून पैसे कसे मागायचे. भेटूया!